ह्युमिडिटीवर चालणारा एक्झॉस्ट फॅन: वायरिंग, सेटिंग आणि त्यातला धंदा



व्हिडिओमध्ये आपण बाथरूमचा पंखा बसवताना पाहिला. पण वायर तिथूनच का आणली, सेटिंगला तोच आकडा का ठेवला आणि गिऱ्हाइकानं शेवटी पैसे नेमके कशाचे दिले, हे सगळं एका व्हिडिओत मावत नाही. म्हणून हा लेख. वही घेऊन बसा, मध्ये मध्ये हिशेब आहे.

काउंटरवर हमखास येणारा प्रश्न आधी घेतो. "अहो, आपला धाराशिव म्हणजे दुष्काळी जिल्हा. भूम-परांड्यात पाऊस पडायची मारामार. इथं दमट हवेचा पंखा कोण घेणार? ते कोकणातलं काम."

प्रश्न बरोबर वाटतो, पण बाथरूममधली ओल आभाळातून येत नाही, ती बादलीतून येते. सहा फूट बाय चार फूट बाथरूम, उंची आठ फूट धरा. आत हवा झाली साधारण ५.४ घनमीटर. २५ अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ धरून ठेवते. म्हणजे अख्ख्या बाथरूमची हवा पूर्ण ओली व्हायला १२४ ग्रॅम पाणी लागतं, आणि त्यातलं पन्नासेक ग्रॅम कोरड्या दिवसातही हवेत आधीच असतं. उरलं ७५ ग्रॅम, चहाच्या एका कपाहूनही कमी. गरम पाण्याच्या एका आंघोळीत एवढी वाफ सहज होते. घरात पाच माणसं एकामागं एक आंघोळीला गेली की पुढची सगळी वाफ भिंतीवर, आरशावर आणि स्लॅबखाली पाणी होऊन बसते. मग रंगाचे पोपडे, काळी बुरशी, दरवाजाची फुगलेली चौकट.

पूर्वी न्हाणी अंगणात असायची, वर पत्रा, बाजूला उघडं. वाफ कुठं गेली कुणाला कळायचंही नाही. आता प्लॉटला प्लॉट चिकटून आरसीसी घर, आत ॲटॅच बाथरूम, खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीवर. तुळजापूरच्या लॉजचं तर विचारूच नका. नवरात्रात आणि कोजागरीला पहाटेपासून एका खोलीत सहा-आठ माणसांच्या आंघोळी, ती खोली रिकामी झाली की लगेच दुसरं कुटुंब आत. बाथरूम वाळायला वेळच मिळत नाही. गिऱ्हाईक तिथं आहे, जिल्हा कोरडा असला म्हणून काही बिघडत नाही.

पंखा विकू नका, बसवून चालू झालेला पंखा विका

नुसता पंखा विकून आज कुणाचं घर चालत नाही. गिऱ्हाईक तुमच्यासमोर मोबाइल काढतं आणि ऑनलाइन भाव दाखवतं. त्या भावाशी भांडण्यात अर्थ नाही. पण ऑनलाइन आलेला डबा आपल्या घराची वायरिंग बघत नाही, आणि ह्युमिडिटीवाल्या पंख्यात सगळी गंमत त्या वायरिंगमध्येच आहे. साधा पंखा म्हणजे दोन वायरी आणि एक बटण. सेन्सर आला की तीन गोष्टी बदलतात: वीज कायम लागते, आकडा ठरवावा लागतो आणि हवा आत येण्याची वाट करावी लागते. या तीन गोष्टी ज्याला जमतात त्याच्याकडं गिऱ्हाईक भावाची घासाघीस कमी करतं. हे तुमचं दुकान असो की तुम्ही नुसती सेवा देणार असा, दोघांना लागू आहे.

वायरिंगकडं जाण्याआधी कायद्याची रेघ कुठं आहे ते समजून घ्या. वीजसुरक्षेचे केंद्रीय विनियम आहेत. २०१० चे होते, आता २०२३ चे नवे आले. त्यातला मुद्दा सोपा आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यासारखी वस्तू आहे त्याच जागी बदलणं, ज्यानं मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, एवढ्याला सूट आहे. नवी वायर ओढणं, नवा पॉइंट काढणं, आहे त्या वायरिंगमध्ये भर घालणं हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हायला पाहिजे, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमनच्या हातून. आपल्याकडं हे परवाने विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडून मिळतात. सरकारी कागदावर वायरमनला 'तारतंत्री' म्हणतात, अर्ज भरताना गोंधळू नका.

म्हणजे तुम्ही माझ्यासारखे बीबीए, बीकॉम असाल तर पुढचं सगळं वायरला स्वतः हात लावण्यासाठी वाचायचं नाही. ते काम तपासण्यासाठी वाचायचं आहे. ठेकेदाराशी रीतसर बोलणी करा, परवान्याची प्रत फाइलला लावा, बिलावर त्याचं नाव टाका. "आमचा पोरगा करतो सगळं" यावर धंदा उभा करू नका. बाथरूममध्ये माणूस ओल्या अंगानं, अनवाणी उभा असतो. तिथली चूक दुरुस्त करायला दुसरी संधी मिळत नाही.

दोन पद्धती, दोन वायरिंग

पहिली पद्धत म्हणजे सेन्सर पंख्यातच असलेला तयार पंखा. त्याच्या टर्मिनलवर साधारण तीन खुणा असतात: कायम फेज, न्यूट्रल आणि स्विच फेज. कायम फेज म्हणजे बटण बंद असलं तरी वीज मिळत राहणार, कारण सेन्सर जागा पाहिजे. स्विच फेज बाथरूमच्या लाइटच्या बटणावरून येतो, लाइट लावला की पंखाही सुरू. आता अडचण बघा. आपल्या घरात एक्झॉस्टच्या पॉइंटला बोर्डातून दोनच वायरी गेलेल्या असतात, न्यूट्रल आणि बटणातून आलेला फेज. कायम फेज बोर्डात असतो, पण पंख्यापर्यंत पोचलेला नसतो. तिसरी वायर ओढावी लागते, आणि जुन्या घरात पाइप कुठंतरी चेपलेला निघतो.

काही जण यावर सोपा मार्ग काढतात: दोनच वायरीवर पंखा जोडायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, बटण कधी बंद करू नका. चार दिवस चालतं. मग आजी सवयीनं बाहेर येताना सगळी बटणं खाली करते, सेन्सर झोपतो आणि पंधरा दिवसांनी फोन येतो, "तुमचा पंखा चालत नाही." दोष आजीचा नाही. माणसाच्या सवयीविरुद्ध केलेलं काम टिकत नाही, हे लक्षात ठेवूनच वायरिंग ठरवायची.

दुसरी पद्धत म्हणजे साधा पंखा आणि वेगळा ह्युमिडिटी कंट्रोलर. आपल्याकडच्या जुन्या घरांसाठी मला हीच जास्त पसंत आहे. कंट्रोलर बाथरूमच्या बाहेर, बोर्डाशेजारी छोट्या बॉक्समध्ये बसतो. आत जाते फक्त सेन्सरची बारीक वायर. पंख्याकडं जाणाऱ्या जुन्या दोन वायरी तशाच वापरता येतात. अर्थ मात्र पंख्याच्या अर्थ टर्मिनलपर्यंत पोचली आहे का ते बघायचंच.

जोडणी अशी. बोर्डातला कायम फेज कंट्रोलरच्या रिलेच्या 'कॉम' टर्मिनलला. 'एनओ' टर्मिनलवरून निघालेली वायर पंख्याकडं जाणाऱ्या फेजला. न्यूट्रल पंख्याला थेट, मध्ये कुठंही बटण नाही. कंट्रोलरला स्वतःला चालायला वीज लागते, त्यासाठी बोर्डात न्यूट्रल हवा. बोर्डात सॉकेट असेल तर न्यूट्रल आलेला असतो. नुसती बटणं असतील तर बहुतेक नसतो, आणि तिथं काम वाढतं. हे भाव सांगण्याआधी बोर्ड उघडून बघायचं असतं, भाव सांगितल्यावर नाही. अजून एक: प्रत्येक कंट्रोलरची रिले सारखी नसते. काहींच्या आउटपुटला स्वतःची वीज नसते, नुसता बटणासारखा संपर्क असतो. काहींच्या आउटपुटमधून थेट २३० व्होल्ट बाहेर पडतात. वर सांगितलेली जोडणी पहिल्या प्रकाराची आहे. सोबतचा नकाशा पाहिल्याशिवाय वायर लावायची नाही.

जुनं बटण काढू नका. त्याचं आउटपुट त्याच पंख्याच्या फेजला समांतर राहू द्या, म्हणजे सेन्सरनं चालू केला तरी पंखा चालेल आणि बटणानं केला तरी चालेल. याची गरज उन्हाळ्यात कळते, ते पुढं सांगतो. पण इथं एक नियम पाळायचाच: बटण आणि रिले दोघांना फेज एकाच लाइनवरून द्यायचा. आपल्याकडं इन्व्हर्टर घरोघरी आहे. बटण इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि रिले मेनच्या लाइनवर असं झालं, तर दोन्ही एकाच वेळी चालू होताच इन्व्हर्टर आणि महावितरणची लाइन एकमेकांना जोडली जाते. इन्व्हर्टर जळेल हे झालंच, पण मेन बंद असताना ज्या वायरीत वीज नाही असं आपण समजतो, तिच्यात मागून वीज येते.

गिझरच्या लाइनवरून पंख्याला फेज घेणारेही भेटतील, कारण तो जवळ असतो. घेऊ नका. गिझरची एमसीबी १६ किंवा २० अँपिअरची असते, पंख्याची बारीक वायर वितळून जाईल तरी ती पडणार नाही. पंखा लाइटच्या सर्किटवर, ६ अँपिअरच्या एमसीबीखाली, १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर.

आता कंट्रोलर निवडताना बघायची एक गोष्ट, जी डब्यावर कुणी लिहीत नाही. बाजारात उघड्या पट्टीवरचे स्वस्त कंट्रोलर मिळतात, थेट २३० व्होल्टवर चालणारे. त्यातल्या काहींमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, नुसत्या कपॅसिटरनं व्होल्टेज पाडलेलं असतं. अशा पट्टीत सेन्सरची वायर ५ व्होल्टची दिसते, पण ती मेनपासून वेगळी झालेली नसते. म्हणजे बाथरूममध्ये लोंबणारी ती बारीक वायर खऱ्या अर्थानं जिवंत वायर आहे. यावर सरळ उपाय असा: १२ व्होल्ट डीसीवर चालणारा कंट्रोलर घ्या आणि त्याला बीआयएस नोंदणीचा चांगला अडॅप्टर लावा. शेदोनशे रुपये जास्त जातील. त्या शेदोनशेसाठी गिऱ्हाईक अडून बसलं तर काम सोडा.

सेन्सर कुठं लावायचा? शॉवरच्या वर नाही, गिझरजवळ नाही, पंख्याच्या जाळीतही नाही, कारण तिथं बाहेरची हवा त्याला फसवते. छताच्या थोडं खाली, पाण्याचे शिंतोडे न पोचणाऱ्या भिंतीवर. त्याची वायर फेजच्या पाइपातून नेऊ नका, वेगळी नळी टाका. वायर कमी पडली म्हणून तोडून लांब जोडली की आकडे उड्या मारायला लागतात. पंखा फरशीपासून सव्वादोन मीटरच्या वर असावा. तेवढी उंची मिळत नसेल तर आयपीएक्स४ म्हणजे शिंतोड्यांपासून संरक्षण असलेला पंखा घ्या.

मेन बंद केला म्हणजे वीज गेली असं नाही

कामाला लागण्याआधी मेन बंद, आणि इन्व्हर्टरही त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद. आपल्या भागात मेन खाली केला की इन्व्हर्टर 'लाइट गेली' समजून लगेच वीज द्यायला लागतो, आणि बाथरूमचा दिवा-पंखा बहुतेक घरांत त्याच लाइनवर असतो. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही मोजा. वायरच्या रंगावर तर अजिबात जाऊ नका. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ ही रीत खरी, पण जुन्या घरात ज्याच्याकडं जो रंग शिल्लक होता तो त्यानं ओढलेला असतो. काही ठिकाणी बटण न्यूट्रलवर सापडतं, म्हणजे पंखा बंद असतानाही त्याच्यात वीज.

वीज चालू करून मोजल्यावर फेज ते अर्थ २३० च्या आसपास आलं पाहिजे. शून्य आलं तर त्या घरात अर्थिंग नाही, हिरवी वायर नुसती शोभेला आहे. हे गिऱ्हाइकाला मीटर दाखवून सांगा. आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का बघा, तिचं 'टी' बटण दाबून पडते का तेही बघा. इथं परत इन्व्हर्टर आला: आरसीसीबी मेनजवळ आणि इन्व्हर्टर तिच्या पुढं असेल, तर वीज गेल्यावर इन्व्हर्टरच्या लाइनला तिचं संरक्षण राहत नाही. इन्व्हर्टरच्या आउटपुटवर वेगळी लागते. ही गोष्ट चांगल्या शिकलेल्या घरातही माहीत नसते, आणि इथंच तुम्हाला प्रामाणिकपणे दुसरं काम मिळतं.

गॅस गिझर आत असेल तर

हा भाग सावकाश वाचा.

आपल्याकडं गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवलेली घरं खूप आहेत. आणि लोक विचारतात, "एक्झॉस्ट बसवला की गॅसची भीती मिटेल ना?" उत्तर आहे, नाही. एक किलो एलपीजी जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. छोटा गिझरसुद्धा पूर्ण ज्योतीवर तासाला किलोच्या आसपास गॅस जाळतो. आपल्या त्या बाथरूममध्ये हवा आहे ५.४ घनमीटर. पंधरा मिनिटांची आंघोळ म्हणजे अर्ध्याहून जास्त हवा गिझरनंच वापरली. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला चक्कर येते, कडी काढण्याचं भान राहत नाही.

ह्युमिडिटीचा सेन्सर फक्त ओल मोजतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही. शिवाय तो ओल वाढल्यावर पंखा चालू करतो, आणि तोवर गिझर पेटून बराच वेळ झालेला असतो. उलट दरवाजा घट्ट असेल, हवा आत यायला वाट नसेल आणि पंखा ओढत असेल, तर गिझरच्या धुराड्यातून बाहेर जाणारी हवाच तो परत आत खेचू शकतो. म्हणजे सुरक्षिततेसाठी बसवलेला पंखा धोका वाढवतो.

आमच्या दुकानाचा नियम आहे: गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर ह्युमिडिटी फॅनचं काम घ्यायचं नाही. आधी गिझर बाहेर, मोकळ्या हवेत, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. मग पंखा. काही गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ द्या. त्या घरात पुढं काही झालं तर पंखा कुणी बसवला होता हा प्रश्न निघणारच, आणि त्या उत्तरात आपलं नाव असायला नको. ज्यांना नीट समजावलं त्यातली बरीचशी गिझर हलवायचं कामही आपल्याकडूनच करून घेतात, ही दुसरी बाजू.

आकडा किती ठेवायचा

कंट्रोलरवर दोन सेटिंग असतात. एक, किती टक्क्यांना पंखा चालू व्हावा. दुसरं, किती खाली आल्यावर बंद व्हावा, म्हणजे फरक. बहुतेक जण पेटीवर छापलेले ६० टक्के ठेवून मोकळे होतात. आणि तिथंच काम फसतं.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी असते की आकडा वीस-तीसवर येतो. थंड पाण्याची आंघोळ झाली तर बाथरूम साठला पोचतच नाही, पंखा चालत नाही, वास तसाच. म्हणून ते बटण ठेवायचं. आणि ऑगस्टमध्ये झड लागली की बाहेरचीच हवा ऐंशी-नव्वद टक्के. आता ६० ला लावलेला पंखा बंद कधी होणार? होतच नाही. तो बाहेरची ओली हवा आत ओढतो आणि आतली बाहेर टाकतो, रात्रंदिवस.

हिशेब करा. ३० वॅटचा पंखा चोवीस तास चालला तर महिन्याला साडेएकवीस युनिट. नीट सेट केलेला रोज दोन तास चालला तर दोन युनिटसुद्धा नाहीत. महावितरणचा घरगुती स्लॅब १०० युनिटनंतर बदलतो. ज्या घराचं वापरमान नव्वदच्या आसपास आहे, ते तुमच्या एका चुकीच्या आकड्यामुळं वरच्या स्लॅबमध्ये गेलं. गिऱ्हाईक बिल घेऊन येईल आणि पंख्याला नाव ठेवेल.

माझी पद्धत साधी आहे. आंघोळीच्या आधी, दार उघडं असताना बाथरूमचा नेहमीचा आकडा बघायचा. त्याच्या वर १०-१५ टक्के जोडायचे, तो 'चालू'चा आकडा. फरक ५. हिवाळ्यात नेहमीचा ४५ असेल तर ६० ला चालू, ५५ ला बंद. पावसाळ्यात नेहमीचा ८० असेल तर ९२ च्या आसपास. ९५ च्या वर नेऊ नका, स्वस्त सेन्सर तिथं अडखळतात. बसवून झाल्यावर सेन्सरवर हळू फुंकर घाला. श्वासातली ओल लागली की आकडा चढतो आणि पंखा सुरू होतो. गिऱ्हाइकाच्या लहान पोराला ते करायला लावा, घर खूश.

म्हणजे वर्षातून दोनदा आकडा बदलायला पाहिजे. मृग निघाला की एकदा, दिवाळीनंतर एकदा. गिऱ्हाईक स्वतः बदलणार नाही, हे गृहीत धरा. आणि इथंच धंदा आहे. पंखा एकदा विकला जातो, पण ऋतू दरवर्षी बदलतो. दोन भेटींची वार्षिक सेवा ठेवा: आकडा बदलणं, पात्याची आणि जाळीची धूळ काढणं, सेन्सर कोरड्या ब्रशनं साफ करणं, आरसीसीबीचं बटण दाबून बघणं. अर्ध्या तासाचं काम.

ज्या घरात कुणी ही सेवाही घेणार नाही आणि आकड्यालाही हात लावणार नाही, तिथं मी ह्युमिडिटीवाला विकत नाही. तिथं लाइटच्या बटणाबरोबर सुरू होऊन लाइट बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी थांबणारा टायमर द्या. स्वस्त आहे, ऋतूशी त्याचं देणंघेणं नाही. लॉजला तर बहुतेक वेळा टायमरच बरा, कारण नवरात्रात सेन्सर थांबायचं नावच घेत नाही आणि खोलीतल्या पाहुण्याला कसलंही बटण समजावून सांगता येत नाही.

हवा आत येण्याची वाट राहिली, ती पटकन सांगतो. सहा इंची पंखा कागदावर तासाला दोनशे घनमीटर हवा ओढतो. दरवाजा फरशीला टेकलेला असेल तर तो नुसता घरघरतो. दाराखाली इंचभर फट ठेवा किंवा दाराच्या खालच्या भागात जाळी बसवा. दार लावून, पंखा चालू करून जाळीवर पातळ कागद धरा. चिकटून राहिला तर हवा ओढली जातेय.

आता पैसे

हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. समजा गिऱ्हाइकाला पंखा १,४००, कंट्रोलर आणि अडॅप्टर १,१००, वायर-पाइप-बॉक्स ३००, बसवण्याचे ९००. एकूण ३,७००. तुमचा खर्च: पंखा १,२००, कंट्रोलर ८५०, सामान २२०, वायरमन ५००, पेट्रोल ८०. एकूण २,८५०. हातात ८५०. नुसता पंखा विकला असता तर २००, तेही ऑनलाइन भावापुढं टिकले तर.

पण एक फेरी फुकटची झाली, "पंखा बंदच होत नाही" म्हणून, की वायरमन आणि पेट्रोल मिळून तीनेकशे गेले. दोन फेऱ्या झाल्या की ८५० चे अडीचशे राहतात. म्हणून वरची सगळी सेटिंगची भानगड ही तंत्राची कमी आणि नफ्याची जास्त आहे. वार्षिक सेवेचे ३०० धरा आणि चाळीस गिऱ्हाइकं. बारा हजार वर्षाला. कळंबचं एक आणि उमरग्याचं एक असं घेत फिरलात तर पेट्रोलच खाईल. एकाच गल्लीतली, एकाच कॉलनीतली आठ-दहा घरं एका दिवसात केलीत तरच तो धंदा.

जीएसटीची एक बाब दुकानदारांनी ऐकून ठेवा. फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे. बसवण्याची मजुरी बिलात आली की तुम्ही सेवाही देता, आणि मग २० लाखांची मर्यादा बघावी लागते. उलाढाल त्या आसपास असेल तर सेवा सुरू करण्याआधी सीएकडं जाऊन या, नंतर नाही.

बिलावर या गोष्टी लिहाच: कोणता आकडा सेट केला, फेज कोणत्या लाइनवरून घेतला, अर्थिंग आणि आरसीसीबी तपासली का, गिझर कोणता आणि कुठं आहे, काम करणाऱ्या ठेकेदाराचं नाव. गिऱ्हाइकाची सही घ्या. एक प्रत त्याला, एक तुमच्या फाइलला.

या आठवड्याचा गृहपाठ. ओळखीच्या दहा घरांची बाथरूम बघून या. विकायचं काही नाही, फक्त वहीत लिहायचं: गिझर गॅसचा आहे का आणि आत आहे की बाहेर, दाराखाली फट किती, बाहेरच्या बोर्डात सॉकेट आहे का, पंखा इन्व्हर्टरवर आहे का, छताचा रंग निघालाय का. दहापैकी किती घरांत तुम्ही काम घ्याल आणि किती घरांत नाही म्हणाल, ते प्रत्येकापुढं लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण त्याच वहीवरून भावपत्रक कसं बनवायचं ते बघू.